टाकीतलं पाणी

निन्ग्रुमने चिमट्याने कार्बोरेटर टाकीतून उचलला. काळा.

पुन्हा बुडवला. पुन्हा उचलला. काळाच. ॲल्युमिनियम चकचकीत निघायला हवं होतं.

ध्वनिलहरींनी सुटे भाग धुणारी टाकी घूं घूं करत होती, पाणी बारीक थरथरत होतं. तिने बंद केली. चालू केली. बंद.

नवरा कोरियाला कामाला गेल्यापासून गॅरेज तीच चालवत होती. बाईच्या हाती गाडी द्यायला जावातल्या या क्लातेन गावात कुणी धजत नव्हतं. जुन्या मोटारसायकलींच्या मंडळाचे गुनादी धजले होते; हा कार्बोरेटर त्यांचा. हे काम जमलं असतं तर मंडळाच्या सगळ्या गाड्या तिच्याकडे आल्या असत्या. आणि गुनादी तो न्यायला घरून निघालेही होते.

टाकीशेजारी लिंबांची परडी. सुरो, म्हणजे वडिलोपार्जित शस्त्रं धुवायचा महिना; तिचे सासरे, मार्तोयो, घराण्याची कट्यार लिंबाच्या रसाने धुणार होते. मागच्या सुरोत त्यांनी टाकीतही लिंबू पिळलं होतं. कुणाचा तरी पितळी दिवा उजळावा म्हणून.

"पुन्हा, बापा? कट्यारीचे सोपस्कार इथे नकोत, कितीदा सांगायचं? धंदा बुडवाल माझा," ती सासऱ्यांवर उसळली.

मार्तोयोंनी जवळ येऊन टाकीत डोकावून पाहिलं. मग तिच्याकडे.

तळाची जाळी काढायला तिने पाण्यात हात घातला. बोटं एकमेकांवरून सरकली. बुळबुळीत.

लिंबाने बोटं अशी होत नाहीत. कॉस्टिक सोड्याने होतात, आणि ॲल्युमिनियमही त्यानेच काळं पडतं. सकाळी तिने याच टाकीत लोखंडी गिअर धुतले होते, कॉस्टिकच्या पाण्यात. ते पाणी ओतून दिलं? सौम्य पाणी भरलं? कधी?

फाटक वाजलं.

गुनादींनी कार्बोरेटर उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. निन्ग्रुमने तोंड उघडलं.

"घोळ माझा," मार्तोयो म्हणाले. "लिंबू पिळलं मी. सुरो डोक्यात बसलाय."

गुनादींना हसू आलं. दुसरा कार्बोरेटर शोधून आणतो म्हणाले, हिच्याच हाती देतो. पण तुम्ही आता टाकीपासून लांब बसा. मार्तोयोंनी मान डोलावली. गॅरेज त्यांनीच उभं केलेलं.

गुनादी बाहेर पडले. निन्ग्रुम चिंधीला बोटं पुसत होती. पुसतच होती.

परडीतली लिंबं सगळी अख्खी होती. मार्तोयोंनी त्यातलं एक कापलं, अर्धं तिच्यापुढे धरलं.

"चोळ, पोरी. आंबटाने उतरतं ते."

निन्ग्रुमची नजर फाटकाकडे गेली. गल्लीत गुनादींची स्कूटर अजून सुरू झाली नव्हती.