डेक अजून तयार नाही

सदाशिव पेठेत गाडी लावायला स्वतःची जागा असणं हे पूर्वपुण्याईचं फळ मानतात. श्यामसुंदर केळकरांकडे तशी जागा होती आणि तिथे त्यांनी बोट लावली होती. गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर उभी असायची आणि येणारा-जाणारा तिचा आरसा वाकडा करून जायचा. बोट मात्र आत, छपराखाली, ट्रेलरवर, दोन जुन्या चादरी पांघरून पहुडलेली असायची. शिडाची छोटी बोट, चार माणसं बसतील एवढी, आणि पुढच्या भागावर सागवानी फळ्यांचा डेक.

धरणावरच्या एका क्लबाने ती जुनी म्हणून काढून टाकली, तेव्हा केळकरांनी ती बायकोच्या साठीची भेट म्हणून आणली. श्यामलाबाईंना लहानपणापासून पाण्यावर जायची हौस होती. माहेरी भावांना सगळं करायची मुभा होती, हिला काठावर उभं राहून त्यांच्या चपला सांभाळायची. म्हणून साठीच्या समारंभात केळकरांनी भर पाहुण्यांत सांगितलं, "दिवाळीला हिला स्वतःच्या बोटीतून फिरवणार." श्यामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुठल्या दिवाळीला, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

अडचण निघाली ती डेकची. ऊन खाऊन सागवान राखाडी पडलं होतं, कोपऱ्यात शेवाळाची हिरवी झाक होती.

"असा डेक घेऊन पाण्यात जायचं? लोक काय म्हणतील?" केळकर म्हणाले.

खडकवासल्याच्या मधोमध लोक म्हणजे बगळे. पण त्यांचंही मत विचारात घेणं भाग होतं.

केळकरांनी जन्मभर विमा कंपनीत नोकरी केली होती. बारीक अक्षरातला मजकूर हा त्यांचा आनंदाचा विषय. परदेशी लोक डेक कसा धुतात याचे व्हिडिओ ते रोज चहाबरोबर पाहू लागले. मग डेकवर तळव्याएवढे चौकोन खडूने आखले गेले. एका चौकोनात मंडईमागच्या दुकानातून आणलेल्या रिठ्यांचं पाणी, दुसऱ्यात धुण्याचा सोडा, तिसऱ्यात लिंबाचा रस, चौथ्यात रविवार पेठेतून आणलेली कसलीशी पांढरी पूड. प्रत्येक चौकोन धुवायचा, वाळवायचा आणि मग पंधरवडाभर नुसता बघायचा. "लाकूड लगेच खरं बोलत नाही," असं ते म्हणत. सोसायटीतली पोरं डेकवर सोंगट्या मांडून खेळता येईल का, असं विचारून गेली.

श्यामलाबाईंनी शाळेत वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "अहो, भांडी घासायचा साबण, भरपूर पाणी आणि मऊ ब्रश. लाकडाच्या रेषांना आडवा फिरवायचा, म्हणजे खाचा पडत नाहीत. एका सकाळचं काम आहे."

"तुझं रसायनशास्त्र नववीपर्यंतचं," केळकर प्रेमाने म्हणाले.

त्यांना विरोध करायला, म्हणजे साथ द्यायला, रंगनाथ पाटणकर होते. केळकरांचे बालमित्र, रंगाच्या कारखान्यातून निवृत्त आणि निम्मे पैसे घातल्यामुळे अर्ध्या बोटीचे मालक. कुठली अर्धी, ते कधी ठरलं नव्हतं. पाटणकरांचा विश्वास दोन बाटल्यांच्या औषधावर होता: पहिली मळ खाते आणि दुसरी पहिलीला आवरते. केळकर म्हणायचे की ती मळाबरोबर लाकूडही खाते. हा वाद रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये रंगायचा. दिवाळी यायची, जायची. धरण भरायचं, ओसरायचं. श्यामलाबाई चहा खाली पाठवायच्या आणि वरच्या गॅलरीतून बघायच्या. पुढे त्यांनी बिस्किटं पाठवणं बंद केलं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंदाच्या दिवाळीआधी गोष्ट हातघाईवर आली. केळकर दुपारी झोपलेले असताना पाटणकरांनी फरशी धुवायचं ॲसिड आणून डेकच्या मागच्या टोकावर ओतलं आणि तारेच्या घासणीने रगडलं. केळकर चारला उठून खाली आले तेव्हा तिथलं लाकूड नव्यासारखं पिवळंधमक दिसत होतं. सकाळपर्यंत त्यावर तूस उभं राहिलं आणि फळ्यांमधल्या फटी बुजवणारं काळं रबर चिकट होऊन बोटाला लागू लागलं.

"रंगनाथराव, हे लाकूड आहे. संडास नव्हे," केळकर म्हणाले.

"तुमच्या रिठ्यांनी तर डेक न्हाऊन निघालाय. आता वेणी घाला," पाटणकर म्हणाले.

आठवडाभर बोलणं बंद. दोघांचं एकमत मात्र झालं आणि तेही निरोपानिरोपीने: या वर्षी बोट पाण्यात नेणं शक्य नाही, डेक अजून तयार नाही.

श्यामलाबाईंनी तो निरोप ऐकला आणि त्यांचं डोकं सणकलं. गुडघे कुरकुरायला लागले होते, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढच्या वर्षी आपण बोटीत पाय टाकू शकू की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं सुचलेला माणूस घरात नव्हता. त्यांनी जुन्या विद्यार्थिनीला, तेजस्विनीला, फोन लावला. ती सोमवार ते शुक्रवार खराडीत कॉम्प्युटरवर बसायची आणि शनिवार-रविवार धरणावर मुलांना शिडाची बोट शिकवायची.

रविवारी सकाळी ती जीप घेऊन आली. तिने बोटीचा तळ ठोकून पाहिला, सुकाणू हलवून पाहिलं, शीड उलगडून पाहिलं. डेककडे तिने शेवटी पाहिलं.

"काकू, बोट एकदम फिट आहे. डेक थोडा फनी दिसतोय, बट इट्स ओके. रबर नंतर भरून घेऊ."

श्यामलाबाईंनी साबणाची बादली आणि मऊ ब्रश घेतला. नाश्त्याच्या आत डेक धुऊन झाला. केळकर बाजूला उभे राहून "जरा थांब, अगं तो कोपरा" एवढंच म्हणत राहिले.

खडकवासल्याला पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि धरण काठोकाठ होतं. पाटणकरही स्कूटरवरून आले होते. बोट पाण्यात सरकली, तरंगली. त्या क्षणी श्यामलाबाईंना इतका आनंद झाला की त्या सगळा राग विसरल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

पाटणकरांना अचानक रक्तदाब आठवला. केळकर म्हणाले, "डेक ओला आहे. वाळू दे जरा."

"अहो, पाण्यातच निघालोय."

केळकर पुढे आले नाहीत. लाइफ जॅकेटचे बंद त्यांनी घट्ट आवळले होते, इतके की धड श्वास घेता येत नव्हता. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला पोहता येत नाही, श्यामल," ते हळूच म्हणाले. "मला पाण्याची फार भीती वाटते. पहिल्यापासून."

"मलाही येत नाही पोहता," श्यामलाबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांना एकेक आठवायला लागलं. महाबळेश्वरला तलावापाशी रांग मोठी होती, म्हणून काठावरच मक्याचं कणीस खाल्लं होतं. दाभोळला फेरीबोट सोडून दोघं खाडीला वळसा घालून दिवसभर एसटीत बसले होते, कारण म्हणे बोटीत डिझेलचा वास येतो. ही सगळी एकच गोष्ट होती आणि इतक्या वर्षांत एकदाही यांनी ती तोंडावाटे काढली नव्हती. बोट त्यांनी खरोखर प्रेमाने आणली होती. तिला हवी होती म्हणून आणली, आणि मग धूत बसले. श्यामलाबाईंना त्यांची कीवही आली आणि संतापही आला.

"आधी सांगितलं असतं, तर मी केव्हाच एकटी जाऊन आले असते," त्या म्हणाल्या.

"तेच नको होतं मला," केळकर म्हणाले.

तेजस्विनीने हात पुढे केला होता. तो धरून श्यामलाबाई बोटीत चढल्या आणि बोट निघाली.

शिडात वारा भरला. काठ मागे पडत गेला, त्यावरची दोन माणसं लहान होत गेली. श्यामलाबाईंनी पाण्यात बोटं बुडवली. पाणी गार होतं. त्यांना वाटलं होतं की इथे आल्यावर केळकर शेजारी नाहीत म्हणून जीव तुटेल. त्यांनी वाट पाहिली. तसं काहीच होत नव्हतं. त्याचीच त्यांना धास्ती वाटली, आणि थोड्या वेळाने तीही वाटेनाशी झाली.

"काकू, वळवू का? काका हात करतायत," तेजस्विनी म्हणाली.

श्यामलाबाईंनी मागे वळून न पाहता सांगितलं, "करू देत. तू धरणाच्या भिंतीपर्यंत चल."