धाकटीचा फोन

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर रुग्णालयात औषध नव्हतं. कारण त्या दुखण्याचं नाव होतं धाकटी.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. दोघी एकाच रुग्णालयात बदलीवर आया म्हणून जात. बदलीवर म्हणजे, कायमची आया रजेवर गेली की वॉर्डातून फोन येणार. आला तर त्या दिवशी काम, नाही तर बसा घरी भिंतीकडे बघत. थोरलीनं हे कित्येक वर्षं काढलं होतं. अंघोळीला जाताना ती फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायची. एकदा तर सख्ख्या भाचीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून गेली होती. आज झोपताना उद्या कुठे जायचंय ते माहीत असावं, एवढंच तिचं मागणं होतं. कायम होणं म्हणजे तेवढंच. पण तेवढ्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

आणि धाकटीला तिथे चिकटवलं कोणी? थोरलीनेच! पेशंट पलंगावर असताना त्याच्या खालची चादर कशी बदलायची, त्याला कुशीवर वळवताना आपली कंबर कशी वाचवायची, सगळं हिनं हाताला धरून शिकवलं. तर बाईसाहेब बघता बघता सगळ्यांच्या लाडक्या. पेशंट विचारायचे, "त्या हसऱ्या ताई आज नाहीत का?" हसऱ्या ताई म्हणे! मग मी काय रडकी? थोरलीचा नुसता तिळपापड व्हायचा.

अशात एक कायमची आया निवृत्त झाली. जागा एक, जावा दोन. मेट्रनबाईंनी दोघींना बोलावून मुलाखती घेतल्या. थोरलीला आत घाम फुटला. धाकटी मात्र हसत बाहेर आली, आणि ते हसू बघूनच थोरलीनं ओळखलं, गेली जागा.

दोन-तीन दिवसांनंतरची सकाळ. थोरली नेहमीसारखी आपल्या फोनवरून वॉर्डात फोन लावत होती. आज कोणी गैरहजर आहे का, हे विचारायला बदलीवाल्या सगळ्याच सकाळी फोन करत, त्यामुळे लाइन मिळेल तर शपथ! तरी हिचं लावणं चालूच. धाकटी आपल्या पोराला झोपवून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिचा फोन ओट्यावर पडला होता, तो वाजायला लागला. थोरलीनं वाकून पाहिलं. मेट्रनबाई.

आपला फोन ठेवून तिनं तो उचलला.

"बोला, बाई."

मेट्रनबाईंना हॅलो म्हणायची सवय नव्हती. "कायमच्या जागेचं ठरलं. आजच्या आज होकार हवा. येतेस ना?"

झालं! हिलाच मिळाली. इतकी वर्षं बेडपॅन उचलले मी, आणि कालची आलेली ही... धाकटीला हाक मारायला थोरलीनं तोंड उघडलं खरं, पण निघालं भलतंच.

"नाही जमणार, बाई. घरी लहान मूल आहे, त्याला कोण बघणार?"

"नीट विचार केलास ना? पुन्हा जागा कधी निघेल सांगता येत नाही."

"केला, बाई."

"तुझी मर्जी. मग तुमच्यातल्या दुसरीला घेते."

दुसरीला! थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोन होता तिथे ठेवून तिनं गणवेशाला इस्त्री केली, आणि आपला फोन मांडीवर घेऊन ती वाट बघत बसली. दुपारी धाकटीचाच फोन वाजला आणि ती लगबगीनं निघून गेली. आली असेल बदली, जाऊ दे बिचारी. थोरलीला तिची चक्क दया आली.

संध्याकाळी धाकटी परतली ती थेट थोरलीच्या गळ्यात पडली.

"जाऊबाई, तुम्ही माणूस आहात की देव? जागा तुम्हाला मिळाली होती!"

"काय?"

"सांगितलं मला मेट्रनबाईंनी. तुमचा फोन सारखा व्यस्त, म्हणून त्यांनी माझा लावला, तर नेमका तुम्हीच उचललात. आवाज ओळखला त्यांनी तुमचा. आणि माझ्या पोराकडे बघायचं म्हणून तुम्ही सरळ नाही म्हणालात? मला मिळावी म्हणून?"

थोरली मटकन खाली बसली. एका दिवसाच्या बदलीसाठी वॉर्डाला फोन लावत बसली, आणि तेवढ्यात जन्माची नोकरी तिच्या दारावरून परत गेली. तिनं तोंड उघडलं. पण बोलणार काय? की अगं, मी तुझी जागा घालवायला निघाले होते?

धाकटी रडत होती, आणि मेली रडतानासुद्धा छान दिसत होती. तिनं पोराला उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवलं.

"मी नाही हो विसरायची हे," ती डोळे पुसत म्हणाली. "मेट्रनबाईंना सांगूनच आलेय. मी रजेवर असेन ना, त्या दिवशी बदलीचा पहिला फोन तुम्हालाच."