फळ्यावर सुदामचं नाव

सत्यम सरांनी आपल्या पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, सगळ्यांसमोर उघडला, आणि आत चिठ्ठी होती.

रेणापूरच्या त्या शाळेत फाटकाजवळच्या फळ्यावर रोज ‘आजचा शब्द’ लिहिला जाई. एक इंग्रजी क्रियापद, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. वाक्यात शाळेतल्याच कुणाचं तरी नाव असे आणि ज्याचं नाव, त्यानं प्रार्थनेनंतर ते मोठ्यानं वाचायचं, हा मंजुश्रीबाईंचा शिरस्ता. बाई सहामाहीच्या चिठ्ठ्या एकदम लिहून या डब्यात ठेवत. सुदाम शिपाई त्या फळ्यावर उतरवी. गडी सातवी नापास, पण अक्षर मोत्यासारखं. आपलंही नाव एकदा यावं असं त्याला चौदा वर्षं फार वाटे. बोलला मात्र कधी नाही.

दिवाळीत बाई वारल्या. उरलेल्या चिठ्ठ्या डिसेंबरात संपल्या. तरी जानेवारीत रोज सकाळी डब्यात एक नवी चिठ्ठी निघू लागली. निळी शाई, बाईंचंच वळण. बाईंच्या जागी आलेल्या सत्यम सरांना हा सुदामचाच उद्योग वाटला. म्हणून काल त्यांनी रिकामा डबा लातूरला घरी नेला आणि उशाशी घेऊन झोपले.

आता त्यांनी चिठ्ठी उघडून वाचली. ‘कम – येणे. सुदाम कम्स विथ मी.’

“काय लिवलंय, सर?” सुदामनं विचारलं.

सरांना खोटं बोलवेना. “सुदाम माझ्यासोबत येतो. मामा, हे फळ्यावर नका लिहू.”

रोज संध्याकाळी बाईंची पिशवी घेऊन, दोन पावलं मागं राहून, सुदाम त्यांना एसटी स्टँडवर सोडायला जाई. ती पिशवी अजून स्टाफरूमच्या खुंटीलाच होती.

“खरंच हाय की,” सुदाम म्हणाला. “चौदा सालांत पैल्यांदा नाव आलंय. न्हाई कसं लिवू?”

त्यानं लिहिलं. प्रार्थनेनंतर टोपी नीट करून वाचलंही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मात्र भीती वाटली, आणि ती दिवसभर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर चहावाल्या पंचफुलाबाईंनी सरांना थांबवलं. सुदाम पहिल्याच गाडीनं गेला, म्हणाल्या, हातात बाईमाणसाची पिशवी होती.

“कुणासोबत?”

“एकलाच व्हता. पर दोन पावलं मागं राहून चालत व्हता.”

शाळेचं फाटक उघडं होतं. अंगण झाडलेलं, फळा पुसलेला, खुंटी रिकामी. टेबलावर डबा होता. त्यात चिठ्ठी नव्हती, फाटकाची किल्ली होती.