सहावं पत्र

गीता हसली तेव्हा दिनकर विळीवर कैरी चिरत होता. ती अजून दारातच उभी होती, चपला पायात, पर्स खांद्याला, आणि दुपारच्या टपालानं आलेलं पत्र वाचत होती. हसू ओठातल्या ओठातलं नव्हतं. एकदम फुटलेलं, भिंतीपलीकडच्या नर्मदाबाईंना ऐकू गेलं असेल असं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही हो. अनंतय्यांनी एक गंमत लिहिलीय."

ते पत्र दिनकरनं दुपारीच वाचलं होतं. त्यात लपवाछपवी नव्हती. मार्चपासून सकाळची शाळा होती. पोखर्णीहून तो एकच्या आत परभणीत घरी यायचा आणि पोस्टमन पाकीट त्याच्याच हातात द्यायचा. पहिलं पत्र आलं तेव्हा गीताच म्हणाली होती, "फोडून वाचत जा की. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा लय चांगलं." सतरा वर्षं तो हायस्कुलात इंग्रजी शिकवत होता. पाच पत्रांतला एकही शब्द त्याला अडला नव्हता. अर्थ मात्र एकाही वाक्याचा लागला नव्हता.

"कुठली गंमत? मला तर दिसली नाही."

"ते हो, मशीनमधल्या प्रोग्रामचं मूल मेलंय, पण बापानं अजून चौकशी केली नाही म्हणून यादीतनं त्याचं नाव जाईना." ती पुन्हा हसली. "जाऊ द्या. तुम्हाला नाही कळायचं ते."

ती पाय धुवायला मोरीकडे गेली. विळीचं पातं कोयीत अडकलं होतं. ते सोडवायला दिनकरला बराच वेळ लागला.

जिंतूर रस्त्यावरच्या कापूस संशोधन केंद्रात गीता चौदा वर्षं आकडेमोड करत होती. कुठल्या वाणाला कुठल्या वाफ्यात किती कापूस निघाला, याचे तक्ते ती हाताच्या दांडीनं फिरवायच्या गणकयंत्रावर करायची. डिसेंबरात केंद्राला संगणक मिळाला, तिला तीन आठवडे पुण्याला पाठवलं, आणि यंत्र तिच्या ताब्यात आलं. ते बसवायला हैदराबादच्या कंपनीतून अनंतय्या नावाचा इंजिनिअर आला होता. दोन दिवस राहिला. एका दुपारी गीतानं त्याला घरी जेवायला आणलं. किडकिडीत, कपाळ मागं सरकलेलं, ताकभात खाताना मान वर न करणारा माणूस. ताटावर बसूनही तो आणि गीता आकड्यांतच बोलत होते. दिनकरनं दोनदा हैदराबादच्या हवेबद्दल विचारलं. दोन्ही वेळा त्यानं सौजन्यानं "छान आहे" म्हटलं आणि पुन्हा गीताकडे वळला.

तो गेला आणि यंत्र रुसलं. पडदा-कळफलकाच्या चार टर्मिनलांपैकी एकच चालायचं. मोठं गणित सुरू केलं की सगळंच जागच्या जागी थिजायचं. गीतानं ट्रंक कॉल लावला, पण खरखरीतून आकडे ऐकू येईनात. मग पत्रं सुरू झाली. यंत्राचा कर्नल त्यातल्या प्रोसेसरसाठी नव्यानं घडवावा लागणार होता. काय-काय बदलायचं ते अनंतय्या लिहायचा, गीता करून बघायची, आणि काय झालं ते कळवायची.

केंद्राचे प्रमुख किशनराव तिला म्हणाले होते, "वीस एप्रिलला बैठक आहे, बाई. तोवर दहा वर्षांचे आकडे मशीनमधून निघाले पाहिजेत. नाहीतर मशीन दुसरीकडं जाईल आणि तुम्ही परत दांडी फिरवत बसाल."

दिनकरनं कर्नल हा शब्द शब्दकोशात काढून पाहिला होता. गर, बीच्या आतला भाग, गाभा.

"म्हणजे सरकीत असतो तसा?" त्यानं गीताला विचारलं होतं.

"तसंच समजा."

वर्गातल्या ज्या मुलांचा नाद त्यानं सोडलेला असायचा, त्यांना तोही असंच म्हणायचा. तसंच समज.

पत्रांत काही वावगं नव्हतं. अक्षर उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक पायरीला क्रमांक. पण चौथ्या पत्रात एका पायरीखाली लिहिलं होतं: हे करताना भिऊ नका. जुना कर्नल बाजूला ठेवलेला आहे. चुकलं तर त्याच्यावरून यंत्र पुन्हा उठेल. हे वाक्य दिनकरच्या डोक्यातून जाईना. गीता लुना शिकत होती तेव्हा तो स्टेडियमच्या मैदानावर तिच्या मागं "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडत पळाला होता. ती पडली नव्हती. पण नंतर कितीतरी महिने तिनं लुनाला हात लावला नव्हता.

सहावं पत्र मंगळवारी आलं, दोन एप्रिलला. जाड होतं. दिनकरनं ते ओट्याजवळ उभ्यानंच वाचलं. साडेतीन पानं. शेवटी सहीच्या वर आणखी एक छोटा परिच्छेद होता: त्याची बदली विशाखापट्टणमला झाली होती, दहा तारखेनंतर पत्र तिकडच्या पत्त्यावर पाठवावं. पत्ता खाली नीट चार ओळींत लिहिलेला.

संध्याकाळी गीतानं आल्या-आल्या विचारलं, "टपाल?"

पत्र त्याच्या शाळेच्या पिशवीत होतं. तो ते काढणार होता. पण तिनं हात आधीच पुढं केला होता, आणि चेहऱ्यावर तेच हसू यायच्या तयारीत होतं.

"नाही," तो म्हणाला. "नामांतराच्या मोर्चामुळं दोन दिवस गाड्या बंद होत्या ना. अडकलं असंल."

"हं, तसंच असंल," ती म्हणाली आणि आत गेली. तिला इतक्या सहज पटलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं ते पत्र आपल्या कपाटात, आठवीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि कुलूप लावलं. दोन दिवस, फक्त दोन दिवस, असं स्वतःला सांगितलं.

गीता रोज विचारायची. शनिवारी ती लुना काढून मोठ्या पोस्टात गेली. दिनकर घरात इकडून तिकडं फिरत राहिला. आपला पोस्टमन तिला भेटला तर एका वाक्यात सगळं उघडं पडणार होतं. तासाभरानं ती परत आली आणि माठातलं पाणी प्यायली.

"पोस्टमन रजेवर आहे म्हणे. लेकीचं लग्न आहे जिंतूरला. बदलीवरच्याला काही माहीत नाही."

"येईल," दिनकर म्हणाला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. सकाळी त्याच्याबरोबरच निघायला लागली, रविवारी एकटीच. परतली की जुनी पाच पत्रं पसरून बसायची आणि वहीत काहीतरी लिहून खोडायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरायची. एकदा भात लागला, तेव्हा ती पातेल्याकडे नुसती बघत राहिली.

"कुणाला तरी विचार की पुण्यात," तो म्हणाला.

"कुणाला विचारू? तिथं सगळे शिकवून मोकळे झालेत. हे मशीन असं, ह्याच्यात काय आहे, काय नाही, ते त्यांनाच माहीत होतं." अनंतय्याचं नाव तिनं घेतलं नाही. "कंटाळले असतील. मी तरी किती विचारायचं."

हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं.

रोज मधल्या सुट्टीत तो कपाट उघडायचा आणि पत्र वाचायचा. त्याला त्यात एक वाक्य हवं होतं. एकच, ज्याच्यावर बोट ठेवता येईल. ते सापडलं असतं तर आपण केलं ते योग्य ठरलं असतं. पण साडेतीन पानांत तसं काही नव्हतं. होतं ते एवढंच, की ही बाई कुठं अडेल, अडल्यावर काय करून बसेल, याचा विचार करून तो माणूस प्रत्येक वळणावर तिच्या आधी जाऊन उभा राहिला होता. दिनकरला हेच सोसवत नव्हतं. आठव्या-नवव्या वाचनात आणखी एक गोष्ट झाली. वाक्यांचा अर्थ लागायला लागला.

तेरा तारखेला, शनिवारी, चार वाजता गीता घरी आली. चपला न काढता आत आली आणि जमिनीवरच बसली.

"उठलं," ती म्हणाली.

"काय?"

"मशीन. चारीच्या चारी टर्मिनल चालायलेत. गणित पण होतंय. वैजीनाथ शिपाई सारखा म्हणायलाय, बाई, पेढे पायजेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "एकटीनं केलं हो मी. आता कुणाला सांगू? तुमीच बसा इथं. आणि कागद द्या एक."

तो समोर बसला. तिनं चौकोन काढला. "हा प्रोसेसर. ह्याच्या शेजारी एक जागा असते, गणिताच्या वेगळ्या चिपसाठी. आपल्या मशीनमध्ये ती चिप घेतलेलीच नाही, जागा रिकामी. आणि मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी जागा होतो तो कर्नल. बाकी सगळे प्रोग्राम त्याला विचारून चालणार. कंपनीनं दिलेला कर्नल चिप असलेल्या मशीनसाठी घडवलेला. मोठं गणित आलं की तो ते रिकाम्या जागेकडं पाठवायचा, आणि बसायचा वाट बघत." तिनं मान वर केली. ती आता बाई झाली होती आणि तो विद्यार्थी. "मग काय करायचं? सांगा बरं."

"चिप नाही हे त्याला आधीच सांगायचं," दिनकर म्हणाला. "आणि तिचं काम करणारं काहीतरी त्याच्या आतच जोडायचं."

गीतानं कागद बाजूला सरकवला.

"मला हे कळायला दहा दिवस लागले," ती हळू म्हणाली. "तुमाला कसं सुचलं?"

"तू सांगितलंस त्यावरूनच."

"नाही, खरंच. एवढं तर अनंतय्यांनीसुद्धा लिहिलं नव्हतं."

ती पुढं सांगत राहिली. तो भाग जोडला की कर्नल फुगतो, बाकीच्यांना जागा पुरत नाही, म्हणून एक आकडा कमी करावा लागतो. तीनदा तिचा आकडा चुकला, तीनदा यंत्र उठलं नाही, शेवटी दोनशे चाळीसवर जमलं. कपाटातल्या पत्रात तो आकडा तीनशे होता. दिनकरच्या अगदी ओठावर आला होता. अठरा वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती. मधूनच त्याच्या गुडघ्यावर हात मारत होती. त्या पत्रांच्या वाटणीचं सगळं आज त्याच्या वाट्याला आलं होतं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असेल, असं म्हणून गीतानं त्याला पन्हं करून दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, चौदा एप्रिल. शंभरावी जयंती. सकाळपासून रस्त्यावर निळे झेंडे लागत होते, कुठंतरी लाऊडस्पीकर तपासला जात होता. गीता टेबलाशी बसून पत्र लिहीत होती. झाल्यावर तिनं कागद दिनकरसमोर ठेवला.

"एवढं इंग्रजी बघा. मग पक्कं लिहिते."

त्यानं लाल पेन घेतलं. दीड पान होतं. काय केलं, कसं केलं, आकडा कुठला ठेवला. एके ठिकाणी काळ चुकला होता, तो त्यानं सुधारला. शेवटी तिनं लिहिलं होतं: तुम्ही माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीत. तुम्ही कामात असाल. पण त्यामुळं मला स्वतःच करून बघावं लागलं, म्हणून त्याचेही आभार.

उत्तर देणं या क्रियापदापुढं एक छोटं अव्यय राहून गेलं होतं. दिनकरनं बारीक खूण करून ते वर लिहिलं. पेन तिथंच टेकून राहिलं आणि कागदावर लाल ठिपका वाढत गेला.

"लय चुका आहेत का?"

"नाही. एवढीच."

तिनं पक्की प्रत काढली, घडी घातली, पाकिटात सरकवली. मग पाकीट समोर ओढलं आणि पत्ता लिहायला लागली. हैदराबादचा पत्ता तिच्या हातात बसलेला होता. पाहून लिहावं लागत नव्हतं. हे पत्र पोचणार नव्हतं, आणि म्हणून त्याला उत्तर येणार नव्हतं. ती दोन महिने वाट बघेल, मग विसरेल. कपाटातला कागद चुलीत घातला की झालं. दिनकरला हे सगळं एका नजरेत दिसलं, समोर वाट असावी तसं.

ती कंपनीचं नाव लिहून दुसऱ्या ओळीवर आली.

"तो पत्ता बदललाय," दिनकर म्हणाला.

गीताचं पेन थांबलं. बाहेर लाऊडस्पीकरवर कुणीतरी एक, दोन, तीन म्हणत होतं. तिनं मान वर केली नाही. लिहिलेल्या दोन ओळींकडं बघत राहिली, आणि मग कालचा चौकोन काढलेला कागद टेबलाच्या कडेला पडला होता, त्याच्याकडं.

तिनं त्या ओळींवर सरळ रेघ मारली.

"नवा सांगा," ती म्हणाली.

तो सांगू लागला. घर क्रमांक, गल्ली, मोहल्ल्याचं लांबलचक तेलुगू नाव. ते नाव त्यानं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि ती एकेक अक्षर लिहीत गेली.

"पिन कोड?"

त्याला तोही पाठ होता.