पान एकशे बाराचे चार साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. अंगावरचं कापड तेवढं नवं. नर्सिंग कॉलेजच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या कपाटात उभा असतो. खरं सांगायचं तर आता उभं राहायचाही कंटाळा येतो.

माझा विषय बालसंगोपन. एका डॉक्टरांनी मला मनापासून लिहिलं. माझ्या पान एकशे बारावर आहे, 'तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं.' त्या काळी तसंच मानत. पुढे कळलं, की त्यात बाळाच्या जिवाला धोका असतो, त्याला उताणंच झोपवावं. जग शिकलं. मला कोणी कळवलं नाही.

मी खिळखिळा झालो तेव्हा बाइंडरनं माझी फाटकी पहिली पानं काढून टाकली. त्यांत छपाईचं सालही गेलं. वर निळं कापड आणि सोनेरी अक्षरं चढली. म्हाताऱ्याला नवा सदरा शिवला, इतकंच.

यंदा शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तिचा प्रबंध तान्ह्या बाळाच्या झोपेवर होता आणि त्यातला तक्ता प्रसूती कक्षाच्या भिंतीवर लागणार होता. तिनं माझं एकशे बारावं पान उतरवून घेतलं. मुलगी आळशी नव्हती. खात्रीसाठी तिनं मागच्या विद्यार्थिनींचे तीन प्रबंधही काढले. तिन्हींत तेच.

"बाई, चार ठिकाणी एकच लिहिलंय," ती ग्रंथपालबाईंना म्हणाली. "आता लावायला हरकत नाही ना?"

"त्या तिघींनी कुठून घेतलं, ते बघितलंस का?"

तिनं शेवटची पानं उलटली. तिन्ही संदर्भयाद्यांत माझंच नाव.

"म्हणजे साक्षीदार एकच, बाळा. तोच चार तोंडांनी बोलतोय. बरं, त्याचं वय काय?"

मुलीनं मला पुढून चाळलं, मागून चाळलं. छपाईचं साल कुठेच नव्हतं. तिनं मला टेबलावर ठेवलं. "माझी वहिनी बाळंतीण आहे. काल मी तिला हेच सांगून आले."

"मग थांबलीस काय? फोन कर आधी."

तिनं वहिनीला फोन लावला. ठेवला तेव्हा डोळे भरले होते, पण ती हसत होती. "वहिनी म्हणाली, राग मानू नकोस, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तुझं ऐकणार नव्हते. बाळ उताणंच झोपलंय."

"प्रबंध तिच्याकडूनच लिहून घे," बाई म्हणाल्या.

मुलीनं अलीकडचं संशोधन शोधून तक्ता नव्यानं लिहिला. माझ्यावर चिठ्ठी लागली: 'साल अज्ञात. उपचारांसाठी वापरू नये.' बरं वाटलं. पण आधीच्या तिघींचे तक्ते कोणत्या भिंतींवर गेले, कोण जाणे. दुपारी वाचनालय रिकामं झालं, की तेच मनात येतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना फेकू नका. पण आमचं ऐकण्याआधी वय विचारा, आणि हे कुणाकडून ऐकलंस तेही विचारा. आम्हाला राग येत नाही. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, त्याचाच शीण आहे.