घसाऱ्याला कान

"हिमनदी ही मानवजातीची आई आहे!" असं मेहरासाहेबांनी जाहीर केलं आणि टाळ्या थांबेपर्यंत पाण्याचा घोट घेतला. दाताखाली रेती आली. साहेब क्षणभर आईला चावत उभे राहिले, मग रुमालात थुंकले.

मे महिना होता. शिलथांगची बत्तीस घरं नांगर धरून बसली होती. शेत आधी भिजवल्याशिवाय आमच्या लडाखी मातीत फाळ शिरत नाही, आणि ओढ्यात तर करंगळीएवढी धार उरली होती. म्हणून जिल्ह्याहून साहेब आले होते. त्यांची जीप चढावर उभी होती. ती मागे सरकू नये म्हणून ड्रायव्हरनं चाकाखाली एक काळा दगड सारला होता.

पहिल्या रांगेतून आबी कुन्झेस उठली. आबी म्हणजे आजी. पण यंदा ती चुरपोन होती, गावाचं पाणी वाटणारी. हे काम दरवर्षी एकेका घराकडे जातं. तिचा नवरा वारलेला, मुलगा पलटणीत, तेव्हा पाळी तिच्यावर आली. बाईमाणूस कसं पाणी वाटणार, असं दोघं म्हणाले होते. "फावडं विचारतं का, धरलंय कोणी ते?" एवढंच तिनं त्यांना विचारलं होतं.

"साहेब-ले, तुमची आई अजून झोपलीय," आबी म्हणाली. 'ले' म्हणजे आमच्याकडचं 'जी'. "अर्धा जून उलटेपर्यंत ती वितळायचं नाव काढत नाही. मग मे महिन्यात आम्हाला आजवर पाजत होतं कोण?"

"आजी, हवामान बदलतंय—"

"हवामान? ते या मुतुपच्या खडीयंत्रात दळतंय वाटतं!"

मुतुप रस्त्याचा ठेकेदार, नात्यानं तिचा भाचा. तो साहेबांच्या शेजारी खुर्चीत होता. डोंगरकड्यावरून हजारो वर्षं सुटत आलेल्या दगडांचा जो घसारा गावाच्या डोक्यावर आहे, तो त्यानं दोन वर्षांत निम्मा उचलून रस्त्याखाली घातला होता.

"आबी-ले, मेलेले दगड ते," मुतुप हसून म्हणाला. "आणि मी काही नास्तिक नाही. खोदायच्या आधी ल्हूला दूध वाहिलं होतं."

ल्हू म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा नाग. दूध पिशवीतलं होतं, हे मुतुपनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती; पिशवी अजून तिथंच पडलेली आहे.

साहेबांनी फाइल उघडली. "हा तुमच्याच गावाचा अर्ज. 'आमचं सगळं पाणी हिमनदीचं आहे.' खाली बत्तीस सह्या. घसाऱ्याचं नावसुद्धा नाही. मग कार्यालयानं त्याची नोंद निरुपयोगी दगड अशी केली. चूक कोणाची?"

अर्ज माझ्या अक्षरातला होता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून गावाचे अर्ज मीच लिहितो. हिमनदी असा शब्द घातला की फाइल हलायची, पाहुणे यायचे, फोटो काढायचे. दगडांच्या ढिगाचा फोटो कोण काढतो? तेव्हा ओढ्याच्या जन्मदाखल्यावर आम्ही एक श्रीमंत आई लावून टाकली. गरीब आई डोक्यावर बसून गुपचूप पाजत राहिली.

आबीनं माझ्याकडे पाहिलं. "पोस्टमास्तर-ले, अक्षर मोत्यासारखं आहे तुमचं. या हिवाळ्यात तेच शिजवून खाऊ."

मग साहेबांकडे वळून म्हणाली, "चला वर."

"मला संध्याकाळच्या आत परतायचंय."

"मलाही. पाठीत वाकलेली मी चढते, तुम्ही तर बूट घातलेत."

साहेब चढले; मागोमाग मुतुप, मी आणि निम्मं गाव. दर दहा पावलांवर थांबून ते निसर्गसौंदर्य पाहत होते. निसर्गसौंदर्यालाही धाप लागत होती.

काळ्या दगडांच्या त्या घसाऱ्याचा डावा भाग अजून शाबूत होता. आबी दोन दगडांच्या फटीपाशी आडवी झाली, कान लावला. आमच्याकडे चुरपोन वसंतात असंच करतो: तीन जागी ऐकतो आणि त्यावरून कोणत्या शेताला किती पाणी, ते ठरवतो.

"लावा कान."

"इथं?"

"कान आहे ना?"

साहेबांनी टोपी काढली आणि गुडघे टेकले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा बदलला. खाली पाणी बोलत होतं. घाईचं नव्हे, बाया धुणं धूत गप्पा मारतात तसं.

"हिवाळ्याचं बर्फ हा पोटात घेतो," आबी म्हणाली. "त्याला आत सावलीत ठेवतो, थोडं थोडं सोडतो. यालाच तुम्ही निरुपयोगी म्हणालात."

मग ती त्यांना उजवीकडे घेऊन गेली. तिथं यंत्रानं खरवडलेली उघडी माती होती. साहेबांनी पुन्हा कान लावला. बराच वेळ लावला. उठले तेव्हा कानाला धूळ होती.

"काही ऐकू येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"तेच लिहा."

"कान हा पुरावा होत नाही, आजी. समिती नेमतो. सप्टेंबरात पाहणी होईल. तोवर रस्त्याचं काम मला थांबवता येणार नाही, मुदत आहे."

"सप्टेंबरात जव कापतात!" आबीचा आवाज कड्यावर आपटून परत आला. "पेरत नाहीत! समितीला काय कापायला देऊ, माझी मान?"

मुतुप बुटांकडे बघत होता. "आबी-ले, असं सगळ्यांसमोर..."

"तू बोलू नकोस. तुझ्या आईला पहिलं दूध आलं नाही, तेव्हा मी पाजलंय तुला. कुठून येत होतं, विचारलं होतंस का?"

आम्ही खाली उतरलो.

वाटेत पाटाच्या तोंडाशी एक मोठं, भेगाळलेलं शेत लागलं. त्याचं तोंड गवताच्या ढेपांनी घट्ट बुजवलेलं होतं.

"हे कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"चुरपोनचं," आबी म्हणाली. "यंदा अकरा शेतांना नाही म्हणायचंय. पहिलं स्वतःचं बंद केलं नाही, तर बाकीच्या दहांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

साहेबांनी वही काढली आणि परत खिशात ठेवली. लोकांकडे न बघता ते जीपमध्ये बसले. ड्रायव्हरनं चाकाखालचा काळा दगड उचलला आणि पुढच्या चढाला लागेल म्हणून जीपमध्ये मागे टाकायला निघाला.

आबी जीपला आडवी उभी राहिली. पाठीवरची चेपो, आमची ती विणलेली टोपली, तिनं जमिनीवर ठेवली.

"साहेब-ले, रस्ता करा, समिती करा. तेवढा दगड द्या फक्त. वरचा आहे, परत नेऊन ठेवते."