टेबलावरचा लिलाव

प्रत्येकाच्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी, म्हणजे गाठी, असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही त्यातली एक माजली म्हणून. ती काढली. पाच वर्षांनी दुसरी माजली. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात ओतायची. गेल्या हिवाळ्यात नुसता शिंकलो तर बरगडी मोडली. तेही चाललं असतं. पण मी नेब्रास्कात गुरांचा लिलाव पुकारणारा माणूस, आणि रक्तातल्या त्या कॅल्शियमने माझ्या डोक्यात बोली टिकेनाशी झाली. वसंतातल्या विक्रीत एक वळू भलत्याच माणसाच्या नावावर पुकारला. लिलावाच्या मोठ्या गोठ्यात, बार्नमध्ये, सगळे हसले. घरी येऊन मी रडलो.

"मग काढून टाक ना ती गाठ," बायको डोरीन म्हणाली. "घोडं कुठं पेंड खातंय?"

घोडं आवाजाच्या नसेपाशी पेंड खात होतं. गाठ नेमकी तिला खेटून बसलेली, वर पहिल्या ऑपरेशनचे व्रण. नस दुखावली तर आवाज गेला. गाठ ठेवावी तर डोकं जाणार, काढावी तर गळा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि राग मात्र डोरीनवर.

शेवटी डॉक्टर ब्रँड्टबाईंनी तोडगा काढला. "फक्त मान बधिर करते. तुम्ही बोलत राहा. आवाज बदलला की मी थांबेन."

झालं. ऑपरेशनच्या टेबलावर हात बांधलेले, डोळ्यांपुढे निळं कापड, मान उघडी. कोंडल्यासारखं झालं, पळावंसं वाटलं. दुसरं काही सुचेना म्हणून एक कालवड लिलावाला काढली.

"हजार, हजार, कोण देतंय हजार? अकराशे?"

"अकराशे!" कापडापलीकडून टेस नावाची नर्स ओरडली. पोर गुरांच्यातच वाढलेली.

"बाई, कालवड बघितली तरी का?"

"तुम्ही कुठं बघितलीय?"

बाराशे म्हणताना माझा आवाज चिरकला. ब्रँड्टबाईंचे हात थांबले.

"मर्ल, गाठ नसेला चिकटलीय. इथेच सोडून मान शिवू शकते. किंवा काढते, पण मग आवाजाची खात्री नाही. मी तुमच्याऐवजी ठरवणार नाही."

मला त्यांचाही राग आला. मग तो हसणारा बार्न आठवला.

"बाराशे एक वार," मी म्हटलं. "बाराशे दोन वार. तीन वार. विकली."

हातोडा पडल्यावर व्यवहार फिरत नाही, हे टेसला ठाऊक होतं. तिने माझा बांधलेला हात धरला.

गाठ निघाली. रक्त महिन्याभरात ताळ्यावर आलं. डोकं असं लख्ख झालं की विचारू नका. शरद ऋतूतल्या विक्रीला डोरीनने मला पुढच्या बाकावर बसवलं. माझ्या जागी आमचा मुलगा कर्ट पुकारत होता. मला एकूण एक बोली दिसत होती. कोपऱ्यात म्हाताऱ्या योस्टने टोपीच्या कडेला बोट लावलं. चाळीस वर्षं त्याची बोली तशीच. कर्टची नजर दुसरीकडे.

"एक वार," कर्ट म्हणाला.

मी उठून जिवाच्या आकांताने ओरडलो. नुसती हवा निघाली. शेजारी बसलेल्या डोरीननेही मान वळवली नाही.

"दोन वार," कर्ट म्हणाला.